शंभराचा स्टँप

केपें कोर्टाच्या फाटकाबाहेर बदामाखाली माझं टेबल,
एक पाय विटेवर.
टाइपरायटरचा 'क्ष' मोडलाय,
म्हणून पक्षकार, साक्षीदार, शिक्षा
सगळ्यांत मी जागा सोडतो आणि मागाहून पेनानं भरतो.

दोघे एकाच स्कूटरवर आले.
चालवत होता जुझे मिनिन कुलासो,
मागे सगुण वेळीप, मांडीवर शंभराचा स्टँप,
दोघांच्या नावे घेतलेला.

"लिहा," सगुण म्हणाला,
"कापणी झाल्यावर, तळीकडच्या मळ्यात,
एकदाच. दांडे सारख्या लांबीचे.
ह्याचे दोन साक्षीदार, माझे दोन.
कुणाला काय झालंच
तर मागे राहील त्याच्यावर केस नाही."
मिनिननं जोड दिली : "दोगांचे खुशेन."

मी विचारलं, भांडण कसलं? बांधाचं? बाईचं?
"चार-चारचं," मिनिन म्हणाला.

मग उमगलं.
ह्याचा मिलिटर, त्याचा पाखलो.
आठ धिरयो झाल्या, चार ह्यानं मारल्या, चार त्यानं.
नवव्या धिरीचा रविवार ठरलेला,
आणि हायकोर्टाचा हुकूम आला.
बैल म्हातारे होऊन मेले, एक गोठ्यात, एक विहिरीत.
हिशेब तसाच उभा,
शिंगं रोवून.

"पणजीचा कायदा काय म्हणतो, आणि दिल्लीचा?"
सगुणनं असं विचारलं, जणू दोन दुकानांतला भाव.

माझ्या गुरूंकडे पोर्तुगीज दंडसंहिता होती,
निम्मी वाळवीनं वाचलेली.
तीत द्वंद्वाला म्हणे वेगळं प्रकरणच होतं :
आव्हान देणाऱ्याला इतकं, घेणाऱ्याला तितकं,
नाही म्हणणाऱ्याला भित्रा म्हणेल, त्यालाही काहीतरी.
एकसष्टनंतर ते पुस्तक माळ्यावर गेलं.
दिल्लीच्या पुस्तकात तो शब्दच नाही.
चव्हाट्यावर दोघे झोंबले तर शांतताभंग,
हात मोडला तर दुखापत,
आणि अठरा पूर्ण झालेल्यानं राजीखुशीनं मरण ओढवून घेतलं
तर मारणाऱ्यावर खून नाही, सदोष मनुष्यवध.
"आम्ही अठराच्या चौपट," मिनिन म्हणाला.
तुरुंग तरीही आहे, मी म्हटलं.
आणि असल्या कराराला कायदा करार म्हणत नाही,
शंभराच्या स्टँपवर लिहा की पिंपळपानावर.

शाळेत मला द्वंद्व भेटला तो समास म्हणून.
दोन्ही पदं सारख्या वजनाची,
मधला 'आणि' गाळलेला.
गुरुजी विचारायचे, विग्रह कर.
हे त्यांना सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही.
टायपिस्टानं विचारलं तेवढंच बोलावं.

तरी त्यांनी मला मजकूर घालायला लावलाच.
"प कार क्रमांक एक, प कार क्रमांक दोन,"
एवढं छापून मी थांबलो, म्हटलं,
वकिलाला विचारतो, पुढच्या बुधवारी या.
जाताना स्कूटर सुरू होईना.
सगुणनं ढकलली, मिनिननं शिव्या दिल्या,
धूर बाजारापर्यंत दिसत होता.

बुधवार आला नाही कुणी.
कापणी झाली. मळ्यात काजूवाल्यांनी ताडपत्र्या टाकल्या.

परवा सगुण चालत आला,
पायात एक चप्पल नवी, एक जुनी.
मिनिनला मातीला देऊन महिना झाला होता,
इगर्जीत हा शेवटच्या बाकावर बसला होता म्हणे,
गुडघे कधी टेकायचे ते न कळून.

उभ्याउभ्याच विचारलं,
"त्या कागदाची मुदत संपली का हो?"

मी खण उघडला. पिनेला गंज आलेला.
पेन काढून आधी दोन्ही जागी 'क्ष' भरला,
मग कागद त्याच्यासमोर ठेवला.
त्यानं नियम विचारला नाही, मीही सांगितला नाही.
बराच वेळ तो दुसऱ्या नावाकडे बघत राहिला,
मग म्हणाला,
"लिहा. पाच-चार.
त्याचे पाच."